मुंबईतून ग्रॅव्हल बाईक: अष्टागर आणि खारेपाटात काही महिने चालवल्यावरचा अनुभव

मुंबईत राहून ग्रॅव्हल बाईक, म्हणजे रुंद टायरची, डांबर आणि मातीची वाट दोन्हीवर चालणारी सायकल, घ्यावी का, हे मला बरेच जण विचारतात. फक्त मुंबईतल्या मुंबईत फिरायचं असेल तर साधी हायब्रिड सायकल पुरे. पण भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्या घेऊन जाणारी बोट) पकडून मांडव्याला उतरायची तयारी असेल तर ग्रॅव्हलसारखी सायकल नाही, हे मी आता खात्रीने सांगतो. पावसाळ्याच्या शेवटी घेतली, आता उन्हाळा संपत आलाय आणि जवळपास सगळं चालवणं अलिबाग तालुक्यातच झालंय, त्यामुळे हा अनुभव जेवढा सायकलचा तेवढाच तिथल्या वाटांचा.

सायकल अशी आहे: ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), पुढे एकच ४० दातांची चेनरिंग, मागे ११ ते ४२ दातांच्या चकत्या, मेकॅनिकल म्हणजे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आणि ४० मिमीचे ट्यूबलेस टायर, म्हणजे आत ट्यूब नसलेले. ब्रँड मुद्दाम सांगत नाही कारण या भागात फ्रेमने फार फरक पडत नाही, फरक पडतो तो टायरच्या रुंदीने, त्यातल्या हवेने आणि हलक्या गिअरने.

रो-रो २०२० पासून चालू आहे, सायकल सरळ ढकलत आत नेता येते, साधारण तासाभरात मांडवा. तिथून अलिबागचा मुख्य रस्ता वीसेक किलोमीटर, पण शनिवार-रविवारी त्यावर गाड्यांची इतकी रांग असते की जीव नकोसा होतो. म्हणून मी सासवणे, आवास, किहीम, थळ असं आतून, अष्टागरातल्या म्हणजे किनाऱ्यालगतच्या गावांमधून जातो, वाड्यांच्या कुंपणामधून, कुठे डांबर कुठे लाल मुरूम. सवय व्हायला हा टप्पा चांगला आहे, घाई करू नका.

खरी मजा मात्र समुद्राकडे नाही, उलट बाजूला धरमतर खाडीकडे आहे. पोयनाड, शहापूर, चरी हा सगळा खारेपाट. इथे खाडीचं खारं पाणी अडवायला बांध घालून शेती उभी केलीय, अगदी बाहेरच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात, आणि त्याच्या माथ्यावरून जी मातीची वाट जाते तीच माझ्या मते मुंबईजवळची सगळ्यात चांगली ग्रॅव्हल वाट. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं नाहीतर जिताडा माशाची तळी, मध्ये मध्ये पाणी सोडायच्या उघाड्या, आणि दूरपर्यंत एकही हॉर्न नाही. टायरमध्ये हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवली की बांधावर सायकल शांत चालते, ५० वर ठेवली तर वाळलेल्या चिखलातले बैलांचे आणि ट्रॅक्टरचे ठसे थेट मनगटात लागतात.

पण दिवाळीच्या आधी बांधावर जाऊ नका. माती चिकणी आहे, ओली असताना चाक आणि फोर्कच्या मधे भरते आणि चाक फिरायचंच थांबतं, शिवाय आपल्या टायरच्या चरातून पाणी वाट काढतं आणि बांधाचं नुकसान होतं. शहापूरजवळ एका शेतकरी काकांनी मला हे थांबवून समजावलं. बांधाला एकदा खांड (भगदाड) पडली की उधाणाचं पाणी आत घुसतं आणि त्या जमिनीत पुढे कितीतरी वर्षं भात धड होत नाही. आपली एका सकाळची हौस आणि त्यांचं वर्षाचं पोट, त्यामुळे कोणी नको म्हटलं तर उतरायचं आणि मागे फिरायचं, वाद घालायचा नाही. उधाण कधी आहे तेही आधी बघून निघायचं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला पाणी बांधाच्या पार वर येतं.

आणि चरीला थांबाच. १९३३ साली इथल्या कुळांनी खोतांची (गावच्या जमीनमालकांची) जमीन कसायची नाही असा संप केला आणि ती १९३९ पर्यंत पडीक ठेवली, शेतकरी नेते नारायण नागू पाटील पुढे होते. संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. मी शाळेत हे एका ओळीत वाचलं असेल नसेल, पण ती खाचरं आपल्या पायाने पार करताना कळतं की इतकी वर्षं ही जमीन रिकामी ठेवायची म्हणजे घराघरात काय झालं असेल. गाडीने पोयनाडवरून भुर्रकन गेलं तर यातलं काही दिसत नाही.

दुसरी वाट अलिबागच्या खाली. आक्षीला रस्त्यालगतचा शिलालेख बघा, शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात आणि मराठीतला सगळ्यात जुना म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मग नागाव, आणि मग चौल. चौलच्या पाखाड्या (गावातल्या वाटा) अरुंद आहेत, दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, वर नारळी-पोफळी, भर दुपारीसुद्धा गार. हे एके काळी केवढं मोठं बंदर होतं, १४६९ च्या सुमाराला अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला होता. आज रामेश्वराच्या पुष्करणीपाशी बसलं की फक्त पाण्याचा आणि पाखरांचा आवाज.

रेवदंड्यात रस्ता पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो. हा किल्ला १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. पुढे साळावचा पूल, तिथे मोठे ट्रक असतात, जपून. पूल ओलांडून कोर्लई, गावात अजून पोर्तुगीज-मराठी मिसळीची स्वतःची बोली बोलणारी घरं आहेत. तिथून काशीद-मुरूड चढउताराचा रस्ता आहे, मागचा ४२ दातांचा हलका गिअर इथे कामाला येतो, पण जवळजवळ सगळं डांबर. फणसाड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, आत मुरमाच्या वाटा दिसल्या तरी परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, तसं घुसणं मला तरी पटत नाही. वेळ कमी असेल तर मुरूड सोडा, चौल सोडू नका.

आता सायकलचं. खारी हवा ही इथली खरी परीक्षा. चेन दोन दिवस तशीच ठेवली तर लाल होते, म्हणून घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुणं, पुसणं आणि वंगण. मेकॅनिकल ब्रेकच्या केबल गंजून जड झाल्या, एकदा पूर्ण बदलल्या. पुन्हा घेतली तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक घेईन, महाग पडले तरी. बॉटम ब्रॅकेटमधून (पेडलच्या आसाच्या बेअरिंगमधून) करकर यायला लागली होती, उघडला तर आत बारीक रेती, साफ करून ग्रीस भरल्यावर गेली. नागावच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू एकदम घट्ट असते आणि चालवायचा मोह होतो, फोटोही छान येतात, पण खारं पाणी बेअरिंगमध्ये जातं, माझ्याकडून सरळ नाही.

ट्यूबलेसचे पैसे मात्र वसूल. बांधावर बाभळीचे काटे भरपूर, टायरमध्ये भरलेल्या सीलंट नावाच्या द्रवाने भोक बहुतेक वेळा आपोआप बुजतं, हवा थोडी कमी होते इतकंच. उन्हाळ्यात सीलंट आत लवकर वाळतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी भरायचं. तरी एक ट्यूब आणि पंप जवळ हवाच, खारेपाटात सायकलचं दुकान शोधत बसायला लागेल.

जायचे महिने डिसेंबर ते मार्च. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) मिळते, फेब्रुवारीनंतर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लागतात. हँडलबार बॅगेत एक माळ नीट बसते.

मागचा टायर मधून सपाट होत आलाय, पुढच्या मोसमाला ४५ मिमी टाकणार आहे. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का ते मोजून घेतलंय, तुम्ही नवीन घेताना हे दुकानातच बघून घ्या, कारण आपल्याकडे बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये ४० च्या पुढे जागाच नसते.