बॅटरीचा 16 लिटरचा पाठपंप नर्सरीत कितपत चालतो?

अमरावती-अकोल्याकडे कपाशी-तुरीवर चालणारा हाच पंप बहुतेक नर्सरीतही असतो: 12 व्होल्ट, 8 अँपियर-तासांची बॅटरी आणि सोबत तीन तोंडांचं नोझल. कमरेएवढ्या रोपांना उत्तम. सहा फुटी अशोक, बकुळ, फायकसवर मात्र नुसती पानं ओली दिसली म्हणून समाधान मानू नका.

तपासायला पाण्याने रंग बदलणारा पिवळा कागद घ्या. थेंब पडेल तिथे निळा ठिपका उठतो. बुडाशी, मध्यावर आणि शेंड्याला, पानाच्या वर एक पट्टी, पोटाला एक. हातमोजे घालूनच लावा, बोटांच्या घामानेही ती निळी पडते. टाकीत साधं पाणी भरा. श्रावणातल्या दमट हवेत पट्टी आपोआप निळसर होते, म्हणून लावल्याबरोबर फवारा आणि सुकताच काढा.

तीन तोंडांच्या नोझलने वरची पट्टी सबंध निळी होते, म्हणजे औषध ओघळून मातीत. पोटाची पट्टी जवळपास कोरीच. आणि पिठ्या ढेकूण बसतो नेमका तिथेच, पानाच्या पोटाला न् पेरात! अशोकाची लोंबती पानं तर कौलांसारखी, बाहेरून मारलेलं पाणी घसरूनच जातं. एकतोंडी हॉलो कोन नोझल (आतून पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) लावा, लान्स म्हणजे नोझलची लांब नळी फांद्यांच्या आत घाला, तोंड वर करून झाडाभोवती पूर्ण फेरी मारा. मग पोटालाही सुटे-सुटे ठिपके मिळतात.

डोक्यावर हात करून हा पंप मारू नका. औषध बाहीतून अंगावर येतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या साली कपाशीही उंच वाढली होती. आठ फुटांपेक्षा उंच झाडांना एचटीपी पंप (मोटर किंवा इंजिनावरचा जास्त दाबाचा पंप) आणि त्याची फवारणीची गनच हवी. गनची सरळ धार कोवळी पालवी फाडते, म्हणून फवारा रुंद करून चार-पाच फुटांवरून मारा.

खारपाणपट्ट्यात नोझलच्या भोकात क्षार साचतात, फवारा एका अंगाला जातो. तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. जुन्या टूथब्रशने घासा. मिनिटभराचं पाणी मापात धरा, नव्या नोझलपेक्षा 10 टक्के जास्त आलं की नोझल बदला. लान्सच्या मुठीतला वॉशरही लवकर गळतो, दोन जास्तीचे पंपासोबतच घेऊन ठेवा.