ओपन सोर्स मीटअपसाठी जागा: कंपनी, महाविद्यालय, ग्रंथालय की कॅफे?

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरच्या समुदायाच्या स्थानिक मीटअपसाठी (गाठीभेटीच्या बैठकीसाठी) बहुधा चार प्रकारच्या जागा मिळतात: एखाद्या कंपनीचे सभागृह, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, सार्वजनिक ग्रंथालयाची खोली आणि कॅफे. या चारही ठिकाणी संयोजनाचे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, जागेची पारख खुर्च्या मोजून करू नये. तिथे कोणालाही न ओळखणारा माणूस फाटकापासून खोलीपर्यंत किती सहज पोहोचतो, यावरून ती करावी.

या कसोटीवर कंपनीचे सभागृह सर्वांत कमी उतरते. तसे पाहिले तर तिथे काहीच उणे नसते: उत्तम प्रोजेक्टर, माइक, प्रत्येक टेबलाशी प्लग, आणि भाडे बहुधा माफ. अडचण खाली सुरक्षारक्षकाच्या टेबलापाशी सुरू होते. नोंदवहीत नाव लिहायचे, ओळखपत्र दाखवायचे, लॅपटॉपचा अनुक्रमांक नोंदवायचा आणि मग ‘कोणाकडे जायचे आहे?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे. नुसती सूचना वाचून आलेल्या विद्यार्थ्याकडे हे उत्तर नसते. तो थोडा वेळ घुटमळतो आणि परत जातो, आणि वर बसलेल्या आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय उपस्थितांची यादी अनेकदा आधीच द्यावी लागते, त्यामुळे ऐनवेळी यायचे ठरवणाऱ्यांना दार बंद होते. ज्या कर्मचाऱ्याच्या ओळखीने जागा मिळाली, त्याने नोकरी बदलली की ती जागाही जाते. यजमान कंपनीचे आभार मानणे योग्यच आहे. मात्र त्या बदल्यात नोकरभरतीचे भाषण ठेवायचे की नाही, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे.

नेटवर्कचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या मीटअपमध्ये लोक केवळ ऐकायला नव्हे, तर एकत्र काम करायला येतात. कार्यालयांच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर बहुधा एका लॅपटॉपला दुसरा दिसू नये अशी व्यवस्था केलेली असते. सुरक्षेच्या दृष्टीने ती रास्त आहे, पण शेजारच्या यंत्रावर चालणारा सर्व्हर उघडून दाखवायचा असेल तर सत्र तिथेच अडते. एसएसएच ही सुरक्षित जोडणी बहुधा ज्या पोर्ट २२मधून (नेटवर्कच्या क्रमांकित दारातून) जाते, ते बंद असले तर तिच्यावरून कोड पुश होत नाही, म्हणजे सर्व्हरवर चढवता येत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळासाठी पोर्ट ४४३चा पर्याय आहे, पण नवख्याला तो ऐनवेळी समजावत बसणे म्हणजे त्याचा उत्साह घालवणे होय. लिनक्स डेस्कटॉपच्या इन्स्टॉलर प्रतिमा (ही संगणक प्रणाली बसवण्याच्या फाइली) आता काही गिगाबाइटच्या असतात. खोलीतल्या सर्वांनी त्या एकाच वेळी उतरवायला घेतल्या तर चांगली जोडणीही मान टाकते. म्हणून जागा कोणतीही असो, आपला स्वतंत्र राउटर आणि त्यामागे आवश्यक पॅकेजेस (सॉफ्टवेअर बसवण्याच्या फाइली) साठवलेला एक लॅपटॉप नेणे मी आवश्यक मानतो.

इन्स्टॉलफेस्टसाठी, म्हणजे लोकांच्या संगणकांवर लिनक्स बसवून देण्याच्या कार्यक्रमासाठी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला तोड नाही. वीज, टेबले आणि शिकायला उत्सुक विद्यार्थी तिथे आयतेच असतात. युरोपातील फॉसडेम ही ओपन सोर्सची मोठी परिषद ब्रुसेल्समधील एका विद्यापीठाच्या आवारात शनिवार-रविवारी भरते आणि तिथे ना शुल्क ना नावनोंदणी. शैक्षणिक आवार खरोखर खुले ठेवता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात प्रयोगशाळा मिळत नाही, आणि विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीशिवाय तिथल्या यंत्रांना हात लावू नये.

कॅफे मी चार-पाच जणांच्या पहिल्या गाठीभेटीपुरताच सुचवेन. तिथे भाषण ऐकू येत नाही, आणि काही विकत घेतल्याशिवाय बसायचा संकोच वाटणारे लोक पुन्हा येत नाहीत.

दरमहाच्या बैठकीसाठी माझी पहिली पसंती ग्रंथालयाच्या खोलीला आहे. तिथे आत येण्याचे कारण कोणी विचारत नाही, आणि एकट्याने येणाऱ्या स्त्रियांना, वयस्कर माणसांना किंवा शाळकरी मुलांना अवघडल्यासारखे होत नाही. महिन्याचा ठरावीक वार मिळाला तर लोकांच्या तो अंगवळणी पडतो आणि दरवेळी नवा पत्ता कळवावा लागत नाही. बंद होण्याची वेळ मात्र कडक पाळली जाते, म्हणून कार्यक्रम अर्धा तास आधी संपवावा. खऱ्या ओळखी त्या अर्ध्या तासातच होतात. अनेक ग्रंथालयांत प्रोजेक्टर जुना आणि प्लग मोजकेच असतात, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड आणि एचडीएमआयचे अडॅप्टर सोबत ठेवावेत.

कोणतीही जागा पक्की करण्यापूर्वी मीटअपच्याच वारी, त्याच वेळी तिथे जाऊन पाहावे. व्हीलचेअर खोलीच्या दारापर्यंत पोहोचते का, स्वच्छतागृह त्या वेळी उघडे असते का, आणि शेवटच्या रांगेतून पडद्यावर दिसणाऱ्या टर्मिनलवरची (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतली) अक्षरे वाचता येतात का, या तीन गोष्टी जागा दाखवणाऱ्याच्या शब्दावर न सोडता स्वतः तपासाव्यात.