५०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल: वीट, काँक्रीट आणि चिऱ्यावर वापरून

दिवाळीच्या आवराआवरीत घेतलेलं ड्रिल मशीन गणपतीच्या मखरापर्यंत भरपूर वापरून झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. वायरवालं, ५०० वॅटचं, किल्लीने आवळायचा १० मिमीचा चक, म्हणजे बिट (भोक पाडायचा टोकदार दांडा) पकडणारा जबडा. ट्रिगर जेवढा दाबाल तेवढा वेग, उलट फिरवायची कळ, आणि हातोड्याचं चित्र असलेली पट्टी सरकवली की ठोके सुरू. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या गटातल्या मशीनची आतली रचना साधारण सारखीच असते. दुकानात सगळी चर्चा वॅटवर चालते. माझं मत आता पक्कं झालंय की आधी घराची भिंत कशाची आहे ते पाहावं.

आमचं घर पुण्यात, जुन्या इमारतीत. आरसीसीचा सांगाडा, मधल्या भिंती भाजक्या विटांच्या. विटेत ६ मिमीचं भोक काही सेकंदांत पडतं. स्वयंपाकघरातली मांडणी, पुस्तकांच्या फळ्या, आरसा, कुठेच मशीन अडलं नाही. कस लागला तो पडद्याच्या रॉडला. खिडकीच्या बरोबर वर लिंटेल असतो, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, आणि नवं ड्रिल आणल्यावर बहुतेकांचं पहिलं काम नेमकं तिथेच निघतं. बिट पुढे सरकत नाही आणि वाटतं, मशीन खराब निघालं. तसं नसतं. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवरून उड्या मारत फिरतात, त्यातून ठोके तयार होतात. ते पडतात मिनिटाला हजारोंनी, पण हलके, आणि मागून तुम्ही किती रेटता यावर त्यांचा जोर ठरतो. लिंटेलमध्ये आधी ४ मिमीचं आणि मग ६ मिमीचं बिट घातलं, मधूनमधून बाहेर काढून भुकटी पडू दिली, की भोक होतं. हात मात्र भरून येतात. मध्येच बिट थबकून करकर आवाज आला तर सळई लागली समजा. तिथे हट्ट करू नका, ब्रॅकेट थोडा सरकवा, नाहीतर बिटाच्या टोकाचा कार्बाइडचा कडक तुकडा उडतो.

ताईचा फ्लॅट नव्या टॉवरमध्ये आहे, मिवान पद्धतीचा. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेले, त्यामुळे जिकडे तिकडे काँक्रीट. टीव्हीच्या ब्रॅकेटसाठी १० मिमीची भोकं हवी होती. नवं बिट लावूनही मशीन तापलं, थांबत थांबत काम करावं लागलं. शेवटी एसडीएस-प्लस बिटाचं (बुडाला खाचा असलेलं, किल्लीशिवाय बसणारं बिट) रोटरी हॅमर भाड्याने आणलं. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबाने आतला ठोकळा बिटाच्या बुडावर आदळतो. ठोक्याची ताकद मशीनचीच, आपण फक्त सरळ धरायचं. उरलेली भोकं चहा उकळेपर्यंत झाली! तुमच्या भिंती अशा असतील तर जास्त वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल घेऊन फारसा उपयोग नाही, सरळ २ किलोच्या आसपासचं रोटरी हॅमर घ्या. लाकडा-लोखंडाच्या साध्या बिटांसाठी त्याला वेगळा चक लागतो, तो सोबत येतो का तेवढं विचारा.

मे महिन्यात हेच मशीन कोकणातल्या घरी नेलं. तिथे जांभ्याचा चिरा. वरून टणक वाटला तरी आत सच्छिद्र, ठोके चालू ठेवले की भोक फाकतं आणि प्लग (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) सैल बसतो. ठोके बंद करून नुसतं फिरवलं, ८ मिमीचा लांब प्लग वापरला, तेव्हा पडवीतल्या खुंट्या घट्ट बसल्या. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकलाही ठोके लावू नयेत.

टाइलवरही तेच. मास्किंग टेप लावायची, ठोके बंद, वेग कमी. साधी सिरॅमिक टाइल भाल्याच्या टोकाच्या बिटाने पार होते. व्हिट्रिफाइड फार कडक, तिला डायमंडचं बिटच लागतं.

मशीनसोबत आलेल्या बिटांबद्दल नाराज आहे. डबा भरलेला दिसतो, पण त्यातली काँक्रीटची बिटं लिंटेलवर लगेच बोथट झाली. बोहरी आळीतून ६ आणि ८ मिमीची चांगली बिटं सुटी घेतली, ती अजून धारदार आहेत. किटवर पैसे घालण्यापेक्षा हे बरं.

स्क्रू आवळायला हे मशीन मला आवडलं नाही. क्लच (ठरावीक जोर लागला की फिरवणं सोडणारी रचना) नसल्यामुळे स्क्रूचं डोकं सहज झिजतं. ज्यांचं काम मुख्यतः कपाटं जोडण्याचं आहे त्यांनी १२ व्होल्टचं बॅटरीवालं घ्यावं. पण वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर निघणाऱ्या मशीनला वायरच बरी, कारण लिथियमची बॅटरी नुसती पडूनही म्हातारी होते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आतून वायर गेलेली असू शकते. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच, काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसांना फार वाईट. काम झालं की मशीनच्या जाळीतली धूळ झटकून काढा. पुढेमागे ठिणग्या वाढल्या किंवा मशीन अडखळायला लागलं तर आधी कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे कार्बनचे तुकडे) तपासून घ्या, ते स्वस्तात बदलून मिळतात.