पितळेचा हंडा की लोखंडाचा फाळ?

बेळगावात नवा फ्लॅट झाला की हॉलमध्ये ‘गावाकडचं काहीतरी’ हवंच असतं. माझा पहिला प्रश्न: घासणार कोण?

पितळ-तांब्याचा मोह मला कळतो. पाणी तापवायचा बंब, घंगाळ, टिंबाटिंबांनी आज्जीचं नाव घातलेली कळशी. दारात ठेवली की घर भरल्यासारखं वाटतं. पण मिरगाचा पाऊस लागला की झळाळी उतरते. चिंच-मिठानं घासा, चार दिवस लख्ख, परत मळकट. तरी भांडं काळवंडलं म्हणून वाया जात नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो जुना तपकिरी रंगच आवडतो. फक्त हिरवी कळंक चढू देऊ नका.

लोखंडाचं उलटं. नांगराचा फाळ, कुळवाची पास म्हणजे पातं, गाडीच्या चाकाची धाव म्हणजे लोखंडी पट्टी, हे सगळं मोडीत मिळतं, म्हणजे पितळेपेक्षा कितीतरी स्वस्त. पांढऱ्या भिंतीवर काळा फाळ जसा उठून दिसतो तसा हंडा दिसत नाही. पण गंज ओलीत थांबत नाही, खातच जातो. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढायचा, उन्हात वाळवायचं आणि जवसाचं तेल अगदी पातळ पुसायचं. ते सुकून पापुद्रा धरतं. मी शहाणपणानं गोडं तेल लावलं होतं. महिन्याभरात त्यावर धुळीचा चिकट थर. आणि फाळ सोफ्याच्या डोक्यावर टांगू नका की, जड असतो तो.

माझं मत: खानापूरकडचं ओलं घर किंवा उघडी ओसरी असेल तर पितळ, शहरातल्या कोरड्या हॉलला लोखंड. घरचाच हंडा माळ्यावर पडला असेल तर दुकानाची पायरी चढूच नका.

विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. दुकानदार ‘हित्ताळे’, म्हणजे कानडीत पितळ, म्हणून दाखवेल. चुंबक चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. खरं वापरलेलं भांडं बुडाला आणि काठाला झिजलेलं असतं. सगळीकडे सारखाच काळा रंग दिसला तर तो मुद्दाम चढवलेला समजा.

डाग देऊन सांधलेल्या (झाळलेल्या) जुन्या भांड्यात खायचं काही ठेवू नका, त्या डागात शिसं असू शकतं. आणि वस्तू 100 वर्षांवरची असेल तर अमेरिकेतल्या लेकीला पाठवायचा बेत सोडा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं ती देशाबाहेर नेता येत नाही.