मोजकं की भरलेलं? उबुंटू टाकताना मी काय निवडतो

उबुंटू ही विंडोजसारखीच, पण लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. तिची २४.०४ आवृत्ती टाकताना इन्स्टॉलर विचारतो, डिफॉल्ट सिलेक्शन (मोजकं) की एक्स्टेंडेड (भरलेलं)? पूर्वी भरलेला पर्याय आधीच टिचकी मारून ठेवलेला असायचा. २३.१० पासून ती टिचकी मोजक्या पर्यायावर गेली. म्हणजे ब्राउझर आणि लहानसहान अवजारं, बाकी तुमचं तुम्ही बघा. लिबरऑफिस (पत्रं-हिशोबाचं ऑफिस) आणि थंडरबर्ड (ईमेलचं ॲप) हवं तर एक्स्टेंडेड.

मोजकं मला आवडत नाही असं नाही. मेनू स्वच्छ राहतो, अपडेट थोडक्यात उरकतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या नोम लाइव्हवर (पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या, नोम डेस्कटॉपच्या इमेजवर) एकदा मला थाई लिपीचा टर्मिनल आणि जपानी टायपिंगची सोय सापडली होती. दापोली तालुक्यात त्यांचं काय लोणचं घालायचं? त्यामुळे 'कमी टाका' म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला मनापासून पटतो. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांनी खुशाल मोजकं घ्यावं, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमच्याकडे फायबर नाही. गेल्या मे महिन्यात काकांच्या जुन्या लॅपटॉपवर मी मोठ्या ऐटीत मोजकं उबुंटू टाकलं. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब आणि गिऱ्हाइकांची बिलं, एवढंच त्यांचं काम. दुसऱ्या दिवशी वळीव कोसळला, वीज गेली, पाठोपाठ टॉवरही गप्प. लॅपटॉपची बॅटरी शाबूत होती. काकांनी हिशोबाची फाइल उघडायला घेतली आणि मला हाक मारली, "अरे, हे उघडत कसं नाही?" उघडणार कशात? लिबरऑफिस नव्हतंच.

खरा वैताग पुढे आहे. ज्या पेनड्राइव्हवरून मी उबुंटू टाकलं, त्यातच लिबरऑफिस होतं. एक्स्टेंडेड निवडलं असतं तर नेट नसतानाही ते मशीनवर बसलं असतं. पण एकदा मोजकं टाकून झालं की तो पेनड्राइव्ह उपयोगाचा राहत नाही, कारण त्यात ते सुट्या डेब फाइलींच्या (एकेक ॲप टाकायच्या गठ्ठ्यांच्या) रूपात नसतं, तयार इमेजच्या थरात असतं. ॲप्ट, म्हणजे उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं अवजार, ते नेटवरूनच मागतं. शेवटी संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत घालून कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. वर थोडी रेंज मिळते. फोनच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड संपेपर्यंत खाली आंजर्ल्यात दिवे आले होते.

डेबियनची नेटइन्स्टही (छोटी इमेज, बाकीचं नेटवरून उतरवून घेणारी) मी वापरतो, स्वतःच्या मशीनवर. हवं ते पॅकेज हाताने निवडायची मजा तिथेच. बारावी आवृत्ती २०२३ मध्ये आली तेव्हापासून वायफायचं फर्मवेअरही (ते कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इमेजमध्येच मिळतं, त्यामुळे ते मिळवण्यासाठीची जुनी पायपीट गेली. पण नावातच नेट आहे, तेव्हा पावसाळ्यात दुसऱ्याच्या घरी ती घेऊन जाऊ नये.

आता भरलेल्याचा दोष. नको ते काढायला जावं तर कधी कधी मेटापॅकेजही (बाकीच्या ॲपना एकत्र बांधून ठेवणारं पॅकेज) सोबत निघतं, आणि मग ऑटोरिमूव्ह, म्हणजे बिनकामाचं झालेलं आपोआप काढणारी आज्ञा, अर्धा डेस्कटॉप आवरायला निघतो. काय काय निघणार ती यादी न वाचता 'वाय' (होय) दाबू नये. मी तर काढतच नाही, मेनूत पडून राहू देतो. आताच्या डिस्कवर दोन-चार जीबी जास्त गेले म्हणून काय बिघडतं?

मराठी टायपिंगचा या निवडीशी फारसा संबंध नाही. इनस्क्रिप्ट कळपाट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड) दोन्हीकडे असतो, सेटिंग्जमध्ये जोडला की झालं. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर मात्र आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज लागेल, तेही नेट असतानाच उरकून घ्या.

माझं म्हणणं सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही. तरी दुसऱ्याचं मशीन असेल आणि मिरग जवळ आला असेल, तर मी एक्स्टेंडेडवरच टिचकी मारतो. काकांचा लॅपटॉपही जूनच्या आधी पुन्हा तसाच केला. तेव्हा आयलरायट हा पत्त्यांचा खेळ तेवढा काढून टाकणार होतो, राहून गेला. श्रावणात गेलो तर काका पडवीत बसून तोच खेळत होते.