डीएचआयएस-२ : एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर (नागपूर)

आमची संस्था छोटी आहे. नागपुरातल्या काही वस्त्या आणि रामटेक, पारशिवनी तालुक्यांतली गावं, एवढाच पसारा. तापाचे रुग्ण शोधणं, रक्तनमुने, डासअळीची पाहणी आणि या सगळ्याचा आठवड्याला-महिन्याला अहवाल. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही एक्सेल सोडून डीएचआयएस-२ वर, म्हणजे आरोग्याचे अहवाल भरून त्यांचे आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आलो. विकत घेणारे, बसवून देणारे यांच्या स्लाइड्स पुष्कळ सापडतात. रोज वापरणाऱ्याने मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून हे.

थोडक्यात ओळख. ओस्लो विद्यापीठातलं हिस्प केंद्र हे सॉफ्टवेअर बनवतं. याची मुळं नव्वदच्या दशकातल्या दक्षिण आफ्रिकेत आहेत. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिथली जिल्हा आरोग्यव्यवस्था नव्याने उभी करायची होती, त्या खटपटीतून हे निघालं. आज ७० हून जास्त देशांत वापर आहे. मुक्तस्रोत आहे, परवाना फुकट. सर्व्हर, बॅकअप आणि त्याकडे बघणारं माणूस मात्र फुकट मिळत नाही.

आता मुद्द्याचं. एक्सेलमध्ये आमच्याकडे गावनिहाय तक्ता यायचा. पॉझिटिव्हच्या रकान्यात काही गावांपुढे शून्य, काहींपुढे रेघ, काहींपुढे कोरं. बेरीज करताना तिन्हींचं शून्यच व्हायचं. तपासलं आणि कोणी निघालं नाही, की त्या आठवड्यात गावात कोणी गेलंच नाही, हे फोन लावल्याशिवाय कळायचं नाही. डीएचआयएस-२ मध्ये फॉर्म भरून झाला की ‘कंप्लीट’ दाबावं लागतं, आणि त्यावरून किती अहवाल आले, किती वेळेत आले, याची टक्केवारी आपोआप निघते. रुग्णांचा आलेख उघडण्याआधी ही टक्केवारी बघायची, अशी शिस्त आम्ही लावून घेतली. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा एक्सेल सोडणं परवडलं.

उदाहरण देते. पोळ्यानंतर पारशिवनीकडचा मलेरिया एकदम खाली आला. बैठकीत सगळे खूश. त्याच पडद्यावर शेजारी रक्तनमुन्यांचा आलेख लावला, तर तोही तसाच घसरलेला. लोक धानाच्या निंदणीला, दुपारी घराला कुलूप. नमुना घ्यायचा कोणाचा? वर्षाला लोकसंख्येच्या निदान १० टक्के रक्ततपासणी व्हावी, हा जुना निकष याचसाठी आहे. एपीआय म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षभरातले पॉझिटिव्ह. तो एकटा वाचला तर जिथे तपासणी होत नाही ते गाव सगळ्यात ठणठणीत दिसतं. देशाला २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलन गाठायचंय आणि एपीआय १ च्या खाली की वर यावर पुढचं नियोजन ठरतं. अशा वेळी दोन्ही आलेख एकमेकांशेजारी नसतील तर काय उपयोग!

यात एक खोच आहे, ती आधीच सांगते. मूळ सेटिंगमध्ये हे सॉफ्टवेअर शून्य साठवतच नाही. डेटा एलिमेंट (फॉर्ममधली एकेक मोजायची गोष्ट) बनवताना ‘शून्य साठवा’ हा पर्याय आठवणीने चालू करावा लागतो. जागा वाचावी, वेग राहावा म्हणून तशी रचना आहे, समजू शकतो. पण रोगनियंत्रणात शून्य ही बातमी असते. तसंच कोऱ्या फॉर्मवरही ‘कंप्लीट’ दाबता येतं. सगळे रकाने सक्तीचे केले आणि तपासणीचे नियम पाळल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, तरच त्या टक्केवारीला अर्थ राहतो. हे नियम आपणच लिहायचे: पॉझिटिव्ह हे तपासलेल्यांपेक्षा जास्त नकोत, वगैरे.

डासअळीचा फॉर्म हा माझा सगळ्यात आवडता भाग. भांड्यांचे प्रकार आपल्याला हवे तसे ठरवता येतात. टाकी, ड्रम, टायर, कुंडी ही यादी कुठेही मिळेल. नागपुरात कूलर नसलेली यादी काय कामाची? पाऊस लागला की कूलर बंद होतो, पण खिडकीबाहेर तो तसाच उभा, खाली पाणी साचलेलं, दिवाळीच्या साफसफाईपर्यंत. कूलर वेगळा मोजायला लागल्यावर कोणत्या गल्लीत नुसती पत्रकं वाटायची आणि कुठे दारोदारी टप रिकामे करायचे, हे ठरवता आलं. घर निर्देशांक शंभरपैकी किती घरांत अळ्या हे सांगतो. ब्रेटो निर्देशांक शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती हे. एकाच घरात कूलर, ड्रम आणि फ्रिजमागचा ट्रे तिन्हींत अळ्या असतील तर पहिल्यात एक, दुसऱ्यात तीन. हे दोन्ही हिशेब आता हाताने करावे लागत नाहीत.

डेंग्यूत रॅपिड किटवर (जागच्या जागी झटपट होणारी चाचणी) पॉझिटिव्ह आलेले आणि एलायझावर (प्रयोगशाळेतली चाचणी) निश्चित झालेले, असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझा पद्धतीची एनएस-१ किंवा आयजीएम चाचणीच निश्चित धरतात. एकदा एकत्र भरलेलं नंतर सुटं करता येत नाही.

लोकसंख्येचा घोळ सॉफ्टवेअर सोडवत नाही, फक्त उघडा पाडतं. दर काढताना भागायची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची घेतली की बेसा-बेलतरोडीकडच्या नव्या लेआउटमध्ये दर भलतेच फुगतात, कारण तेव्हा तिथे शेतं होती. आम्ही तिथे घरमोजणीवरून अंदाज घेतो आणि आलेखाखाली तसं लिहितो.

दुसरी काळजी, गावांच्या झाडाची, म्हणजे कोणतं गाव कोणत्या उपकेंद्राखाली या रचनेची. गाव एका उपकेंद्राकडून दुसऱ्याकडे गेलं म्हणून त्याला उचलून तिकडे ठेवलं, तर जुने आकडेही सोबत जातात आणि गेल्या वर्षीचा उपकेंद्राचा अहवाल गुपचूप बदलतो. जुनी नोंद तारीख टाकून बंद करायची, नवी उघडायची. आणखी एक: भरलेला आकडा लगेच आलेखात येत नाही. आमच्याकडे विश्लेषणाचे तक्ते रात्री बनतात, त्यामुळे संध्याकाळच्या बैठकीला दुपारचा आकडा दिसणार नाही, हे साहेबांना आधीच सांगून ठेवावं.

फोनवरचं ॲप नेटवर्कशिवाय चालतं. देवलापारच्या पुढे याला पर्यायच नव्हता. फॉर्मची नावं मराठीत टाकता येतात, तीही टाकली. सुरुवातीला “मॅडम, हे लाल काऊन दाखवून राहिलं?” असे फोन दिवसभर. मग गावात अहवाल भरणाऱ्या प्रत्येक ताईला तिच्याच गावाचा आलेख फोनवर दिसेल असं केलं. तेव्हापासून फोन येतात ते आकडा चुकीचा आहे, दुरुस्त करा म्हणून. ते मला चालतात.

क्षयरोग आम्ही यात मुद्दाम आणला नाही. त्यासाठी २०१२ पासून निक्षय हे सरकारी पोर्टल आहे, आणि पोषणासाठी मिळणारे पैसे, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये, तिथल्याच नोंदीवर रुग्णाच्या खात्यात जातात. साथरोगांसाठी २०२१ पासून आयएचआयपी हे सरकारी पोर्टल आहे. आपल्या सोयीसाठी ताईंना तोच रुग्ण पुन्हा भरायला लावणं मला पटत नाही.

पाच-सात गावांसाठी हे घेऊ नका, एक्सेल पुरेल. तीस-चाळीस ठिकाणांहून अहवाल येत असतील आणि सेटिंग सांभाळणारी निदान दोन माणसं असतील तर जरूर घ्या. दोन म्हणते, कारण आमच्याकडे हे सगळं ज्या मुलीला पाठ आहे ती मार्चमध्ये नोकरी सोडते आहे, आणि सध्या ती दुसऱ्याला शिकवते आहे.