मधला दांडा नसलेलं टॉप लोड मशीन: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी आमचं जुनं वॉशिंग मशीन कायमचं बंद पडलं आणि त्याच्या जागी कमी पाण्यावर चालणारं, मधला दांडा नसलेलं टॉप लोड मशीन आलं. जुन्या मशीनच्या टबात मधोमध पाती असलेला उंच अ‍ॅजिटेटर होता. टब काठोकाठ भरायचा, दांडा उलटसुलट फिरायचा आणि कपडे त्याला घासून निघायचे. नव्या टबात डोकावलं तर तळाशी फक्त एक बसकी, मधे जराशी उंच अशी चकती. पहिले तीन आठवडे मी या मशीनवर अगदी नाराज होते. आज कुणी जुनं परत आणून दिलं तरी घेणार नाही. मधे काय काय झालं ते नीट लिहिते, कारण मशीन विकताना हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी कपडे टाकले, बटण दाबलं. झाकण लॉक झालं आणि पाणी न घेताच टब थोडा फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा. कपडे किती आहेत याचा अंदाज मशीन असा घेतं. टब फिरवायला मोटरला किती जोर लागतो त्यावरून ते भार ओळखतं आणि त्या मानाने पाणी सोडतं. पण पाणी आलं ते कपड्यांच्या जेमतेम निम्म्यापर्यंत. झाकण काचेचं, त्यामुळे सगळं दिसत होतं. वरच्या टॉवेलचा एक कोपरा तर चक्क कोरडा होता. आई शेजारी उभी होती. म्हणाली, "अगं, हे भिजले तरी का सगळे?" मलाही तेच वाटत होतं. मशीन थांबवलं आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. धुऊन आलेल्या शर्टांच्या कॉलरवर मळाची रेघ जशीच्या तशी! पुढच्या वेळी तीन बादल्या ओतल्या. कॉलर आणखीच वाईट निघाल्या.

कारण कळायला वेळ लागला. या मशीनमध्ये कपड्याला कपडा घासतो, तेच त्याचं चुबकणं. पाणी कमी असलं की ओल्या कपड्यांचा ढीग स्वतःच्या वजनाने चकतीवर टेकून राहतो. चकती एकदा इकडे, एकदा तिकडे झटके देते, तळचे कपडे तिच्यासोबत ओढले जातात आणि वरच्या थरावर घासतात. हे प्रत्यक्ष बघायचं म्हणून मी एकदा फिकट कपड्यांत एक जुना, रंग न जाणारा लाल रुमाल टाकला आणि स्टूल घेऊन मशीनपाशी बसले. रुमाल मधोमध वर आला, हळूहळू कडेला सरकला, टबाच्या भिंतीलगत खाली गेला आणि दिसेनासा झाला. काही मिनिटांनी परत मधूनच वर. म्हणजे तळाशी कपडे बाहेरून मधे येतात, मधून वर चढतात, वरून कडेला जातात आणि कडेने खाली उतरतात. दांड्याच्या मशीनमध्ये नेमकं उलटं चालतं, तिथे दांडा कपड्यांना मधून खाली खेचतो. मी जास्तीचं पाणी ओतलं तेव्हा कपडे तरंगायला लागले, एकमेकांपासून सुटले आणि चकती खाली नुसतं पाणी ढवळत राहिली. कॉलर घासायला काही उरलंच नाही.

तो कोरडा कोपरासुद्धा पुढच्या काही मिनिटांत भिजतो. तेवढा धीर धरायचा.

वेळेबद्दल माझी दुसरी तक्रार होती. जुनं मशीन चाळीस मिनिटांत मोकळं करायचं, हे तासावर जातं. यावर वाचताना मला हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाचं वर्तुळ सापडलं. त्याने १९५९ मध्ये धुण्याचे चार भाग मांडले: रसायन, घासणं-आपटणं, तापमान आणि वेळ. यातला एक कमी केला तर बाकीच्यांनी ती तूट भरून काढायची. चकतीचा मार दांड्यापेक्षा हलका, त्यामुळे वेळ जास्त लागतो. रसायनाची बाजूही आपोआप भक्कम होते, कारण तेवढंच डिटर्जंट निम्म्या पाण्यात पडलं की ते दुप्पट तीव्र होतं आणि डागाला जास्त जोरात भिडतं. हे समजल्यावर त्या एका तासाचा राग गेला. आणि कपड्यांवर मार कमी पडतो तो दिसतोही. माझ्या दोन सुती कुर्त्यांच्या शिवणी जुन्या मशीनमध्ये उसवायला लागल्या होत्या, त्या गेल्या आठ महिन्यांत तिथेच थांबल्या आहेत.

डिटर्जंटवर मात्र थांबून लिहायला हवं, कारण माझ्या निम्म्या अडचणी तिथल्याच होत्या. मी सवयीने जुनंच, भरपूर फेस करणारं डिटर्जंट जुन्याच मापाने घालत होते. एके दिवशी काचेतून नुसता पांढरा फेस दिसायला लागला. मशीन पाणी सोडायचं, परत भरायचं, परत सोडायचं आणि पडद्यावरची मिनिटं काही कमी होईनात. फेस म्हणजे स्वच्छता, ही आपली जुनी समजूत. पण या मशीनमध्ये फेस दोन कपड्यांच्या मधे उशीसारखा बसतो आणि घासणंच मरतं. वर तो खळबळून काढायला कमी पाणी पुरत नाही. टॉवेल कडक का होतात म्हणून मी सहा धुतलेले टॉवेल डिटर्जंटचा थेंबही न घालता, गरम पाण्यात परत लावले. दहा मिनिटांत फेस आला! इतके दिवसांचं डिटर्जंट धाग्यांत साठून राहिलं होतं. तेव्हापासून कमी फेसाचं, अशाच मशीनसाठीचं लिक्विड वापरते आणि बाटलीच्या झाकणातल्या सगळ्यात खालच्या रेघेच्या वर सहसा जात नाही. थंड पाण्यात पावडर घातली की काळ्या पँटवर पांढरे ठिपके राहायचे, तेही लिक्विडमुळे थांबलं. तेलकट डागांना मी ४० अंशांचं पाणी लावते, त्याने फरक पडतो.

आता कपडे टाकायची पद्धत. एकेक कपडा सुटा करून कडेकडेने, सैल टाकायचा आणि मधला भाग मोकळा ठेवायचा. हाताने दाबून ठासायचं नाही. ठासलं की ढीग उलटतच नाही, वरचे कपडे शेवटपर्यंत वरच राहतात. अगदी दोनच शर्ट टाकले तरी नीट निघत नाहीत, घासायला सोबत लागते ना! मला टब अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरलेला सगळ्यात मानवतो. पूर्ण बाह्यांच्या शर्टांसोबत दोन मोठ्या चादरी टाकल्या तेव्हा सगळ्यांचा मिळून पिळलेला दोर बाहेर आला. चादरीच्या पोटात एक बाही कोरडी सापडली. आता चादरी वेगळ्या, न गुंडाळता, टबात समोरासमोर. बाह्यांची बटणं लावूनच टाकते.

पिळण्यात मात्र हे मशीन जुन्याला कुठल्या कुठे मागे टाकतं. माहितीपत्रकात मिनिटाला ७०० फेरे लिहिले आहेत. टबाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर साधारण २५ सेंटिमीटर धरून मी हिशेब केला, तर कडेच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या १३० पटींहून जास्त जोर येतो. म्हणूनच वजन एका बाजूला गेलं की टब धडधडायला लागतो. मग मशीन थोडं पाणी घेऊन कपडे सैल करतं आणि पुन्हा पिळायला जातं. घड्याळ पुढे का सरकत नाही याचं हेही एक कारण. आणि एक कळकळीचं सांगणं: रेनकोट, ताडपत्री, पाणी न शोषणारी गादीची खोळ यात लावू नका. अशा कापडाच्या घडीत पाणी अडकून बसतं आणि भर वेगात एकदम सुटलं तर टबाचा तोल जाऊन मशीन मोडू शकतं, माणसाला इजाही होऊ शकते.

उणिवाही सांगते. वाळू, चिखल, केस आणि लिंट यांत हे मशीन कमी पडतं. काठोकाठ पाण्यात केस आणि तुसं सुटून तरंगतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. इथे पाणी थोडं, त्यामुळे ती कपड्यांतच फिरत राहतात. मुलाची चिखलाने भरलेली पँट सरळ टाकली तर चिखल बाकीच्या कपड्यांना वाटला जातो. ती आधी नळाखाली धुऊन घ्यावी लागते. जास्त पाण्याचा पर्याय आणि एक जादा खळबळ लावली की बरंच सुधारतं, पण मग पाणी वाचवण्याचा मुद्दा त्या दिवसापुरता सोडावा लागतो. मला ते मान्य आहे. मशीन कपडे धुवायला आणलंय.

चौथ्या महिन्यात कुबट वास सुरू झाला होता. चकतीच्या कडेखाली बोट फिरवलं तर बुळबुळीत करडा थर हाताला आला. उरलेलं डिटर्जंट, मळ आणि ओल यांवर जंतूंचा असा थर धरतो. तेव्हापासून धुणं झालं की झाकण उघडं, लिंटची जाळी दर आठवड्याला साफ आणि महिन्यातून एकदा रिकाम्या टबाला गरम पाण्याची फेरी ब्लीच घालून. ब्लीचसोबत व्हिनेगर कधीच घालू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

कुत्र्याच्या गोधडीवर अजून उपाय मिळालेला नाही. बाहेर झटकते, जास्त पाण्यात दोनदा लावते, तरी वाळल्यावर केस बोटांना लागतातच. कुणाला जमलं असेल तर जरूर सांगा.